कोनाड्यात ठेवलेली अ‍ॅप्स

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी आत्या कोयनाकाठची. म्हणजे तिचे सासर तिकडचे. शिवसागर जलाशयाच्या पाण्यात जी गावे गेली, त्यांतल्या एका लहानशा गावची ती सून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढू लागले तेव्हा ही मंडळी बिऱ्हाड उचलून निघाली आणि पुढे रायगड जिल्ह्यात वसली. २०१३ च्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. हातात नवाकोरा अ‍ॅण्ड्रॉईड फोन होता आणि त्यात आवाज टिपणारे एक अ‍ॅप. मी इतिहासाचा शिक्षक. म्हटले, आत्याकडून त्या गावातल्या शेतांची नावे तरी टिपून घ्यावीत. सात-बाऱ्यावर गट क्रमांक सापडतात, पण लोक आपापसात शेताला काय म्हणत, ते कुठे सापडणार?

आत्या आधी हसली. म्हणाली, ‘‘आरं, नावं सांगून काय उगवणार हाय तितं आता?’’ पण मग सांगायला बसली ती दोन दिवस सांगत राहिली. कोणत्या वावरात भात चांगले यायचे, कोणत्या तुकड्यावरून दोन भावांत भांडण लागले, कोणत्या बांधावर तिची सासू पडली. अकरा ध्वनिमुद्रणे झाली.

२०१६ मध्ये आत्या गेली. २०१८ मध्ये मी फोन बदलला, जुन्या फोनमधले मेमरी कार्ड नव्यात घातले आणि तेच अ‍ॅप पुन्हा उतरवून घेतले. अ‍ॅप नव्या रूपात आले होते. रंग बदलले होते, दरमहा पैसे मागत होते, आणि आत्याच्या अकराही फाईली ‘ओळखता येत नाहीत’ असे सांगत होते. फाईली जागच्या जागी होत्या, त्यांचा आकार दिसत होता, तारखा दिसत होत्या. पण त्या अ‍ॅपने आवाज साठवण्याची आपली स्वतःचीच एक पद्धत वापरली होती आणि नव्या आवृत्तीत त्याच कंपनीने ती पद्धत सोडून दिली होती. मी दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. पुढे ते अ‍ॅपच दुकानातून नाहीसे झाले.

या गोष्टीचा शेवट मी नंतर सांगणार आहे. त्या निमित्ताने मला जो एक छोटासा इतिहास धुंडाळावा लागला तो आधी सांगतो. मोबाईलमधल्या अ‍ॅपची जुनी आवृत्ती आपल्या संगणकावर जपून ठेवायची सोय एके काळी बहुतेकांच्या घरात होती, आणि ती होती हे आपल्याला ठाऊकही नव्हते.

तुम्हाला नोकियाचे दिवस आठवत असतील. २००३ साली आलेला ६६०० किंवा त्यानंतरचा एन-७० ज्यांनी वापरला त्यांना नक्कीच आठवतील. त्या फोनमध्ये ‘दुकान’ नावाचा प्रकार नव्हता. एखादा शब्दकोश, एखादा खेळ, एखादे पंचांग हवे असेल तर ते कुणाच्या तरी संगणकावरून यायचे. सायबर कॅफेत जाऊन फाईल उतरवायची, ती घरच्या संगणकावर आणायची, मग केबल लावून ‘नोकिया पीसी सूट’मधून फोनमध्ये घालायची. नाहीतर ब्लूटूथने मित्राकडून घ्यायची. सिम्बियन फोनसाठीच्या फाईलीचे आडनाव ‘सिस’, जावा फोनसाठीचे ‘जार’. फोन हा शेवटचा मुक्काम, आणि संगणक हा त्याआधीचा. वाटेतल्या मुक्कामी मूळ फाईल राहून जायची. फोन बिघडला, विकला, लोकलमध्ये मारला गेला, तरी संगणकावरच्या एखाद्या फोल्डरात ती पडून असायची. त्याही आधी, १९९६ पासून, परदेशात पाम पायलट नावाची हातात मावणारी यंत्रे होती. ती पाळण्यात ठेवून एक बटण दाबले की यंत्रातल्या नोंदी संगणकावर उतरत, आणि यंत्रात घातलेल्या प्रोग्रामचीही प्रत तिथे ठेवली जाई. आपल्याकडे ती फार कमी जणांच्या हाती आली.

यात मराठी वाचकांचा एक खास अध्याय आहे. त्या काळच्या बहुतेक फोनना देवनागरी कळत नसे. मराठी मजकूर उघडला की चौकोनांच्या रांगा दिसत. जानेवारी २००६ मध्ये ऑपेरा मिनी हा नॉर्वेच्या कंपनीचा ब्राऊझर जगभरासाठी खुला झाला. त्यात एक छुपी खोली होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा’, मग अपूर्णविराम, मग ‘कॉन्फिग’ असे लिहिले की एक यादी उघडे, आणि तिच्यात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरायची की नाही असा प्रश्न असे. तिथे ‘होय’ केले की मजकूर कंपनीच्या सर्व्हरवरच चित्रात बदलून फोनवर येई आणि चौकोनांच्या जागी स्वच्छ मराठी दिसू लागे. ही युक्ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिली जात असे. मी स्वतः शिक्षकांच्या खोलीत चार जणांना दिली आहे. सोबत ती जार फाईलही ब्लूटूथने जायची. ज्याच्या फोनवर जी आवृत्ती नीट चाले ती तो जपून ठेवी, कारण पुढची आवृत्ती त्याच्या फोनला झेपेलच याची खात्री नसे.

आणखी एक गंमत. २००६ नंतरच्या सिम्बियन फोनवर फाईलीला डिजिटल सही लागू लागली. सहीला मुदत असे. संगणकावर जपलेली फाईल दोन वर्षांनी घालायला जावे तर फोन म्हणे, प्रमाणपत्राची मुदत संपली. मग लोक फोनची तारीख दोन वर्षे मागे नेत, फाईल घालत आणि तारीख पुन्हा पुढे आणत. फोन निमूट मानून घेई. इतिहासाच्या शिक्षकाला याचे किती कौतुक वाटले असेल याची तुम्ही कल्पना करू शकता.

मग आयफोन आला. भारतात तो २२ ऑगस्ट २००८ रोजी विक्रीला आला. त्याआधी महिनाभर, १० जुलैला, अ‍ॅपलने आपले अ‍ॅप स्टोअर उघडले होते. पहिल्या दिवशी सुमारे ५०० अ‍ॅप्स होती. दुकान आता खुद्द फोनमध्ये आले, तरी संगणकाचे महत्त्व कमी झाले नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ येईपर्यंत नवा आयफोन संगणकाला जोडून आयट्यून्समधून सुरू केल्याशिवाय चालतच नसे. आयट्यून्स फोनशी मेळ घालताना फोनमधली अ‍ॅप्स संगणकावर उतरवून ठेवी. संगीताच्या फोल्डरात आत आत जावे, तिथे ‘मोबाईल अ‍ॅप्लिकेशन्स’ नावाचा एक कप्पा असे आणि त्यात प्रत्येक अ‍ॅपची एक फाईल. आडनाव ‘आयपीए’. नावातच आवृत्तीचा क्रमांक.

ही आयपीए फाईल म्हणजे खरे तर झिपची पिशवी. आडनाव बदलून ‘झिप’ केले की ती उघडते. आत अ‍ॅपचा ऐवज असतो, चिन्हाचे चित्र असते आणि एका छोट्या फाईलीत कोणत्या खात्यावर हे अ‍ॅप घेतले त्याची नोंद असते. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मालकाचे नाव लिहिलेले असावे तसे. ऐवजाला मात्र कुलूप असते. ज्याच्या खात्यावर घेतले त्याच्याच फोनवर ते उघडते. त्यामुळे या प्रती वाटण्यासाठी नव्हत्या, पण स्वतःपुरत्या ठेवायला काही अडचण नव्हती.

नवी आवृत्ती आली की आयट्यून्स जुनी फाईल कचऱ्याच्या पेटीत टाकी. एकदम नष्ट करीत नसे. ज्यांना हे माहीत होते ते पेटी रिकामी करण्याआधी जुनी फाईल उचलून दुसऱ्या फोल्डरात ठेवीत. नवी आवृत्ती आवडली नाही तर फोनवरची काढून टाकायची, आयट्यून्सच्या यादीतली नवी पुसायची, जुनी ओढून आणायची आणि पुन्हा मेळ घालायचा. दहा मिनिटांचे काम. एवढ्या साध्या सोयीमुळे असंख्य घरांत अ‍ॅप्सच्या जुन्या आवृत्त्यांची लहान लहान दप्तरे तयार झाली. कुणी ठरवून केली नव्हती. पेटी रिकामी करायचा आळस, हेच बऱ्याच वेळा कारण.

याची किंमत किती हे फेब्रुवारी २०१४ मध्ये जगाला एकदम कळले. हनोईतल्या डाँग न्गुयेन या तरुणाने ‘फ्लॅपी बर्ड’ नावाचा एक खेळ आदल्या वर्षी मे महिन्यात काढला होता. पिवळसर पक्षी, हिरवे पाईप, बोट टेकवले की पक्षी वर जाणार. काही महिने कुणी विचारले नाही आणि मग एकाएकी सारे जग तेच खेळू लागले. न्गुयेनला तो गोंगाट सोसवेना. बावीस तासांत खेळ काढून घेतो असे त्याने जाहीर केले आणि खरोखर काढून घेतला. ज्यांच्या फोनवर तो होता त्यांच्याकडे तो राहिला. काहींनी तर खेळासकट फोन भल्या मोठ्या किमतीला लिलावात मांडले. ज्यांच्या संगणकावर प्रत होती ते निवांत होते, फोन पुसला तरी खेळ परत घालता येत होता. निर्मात्यालाच आपले काम मागे घ्यायचे असेल तर वाचकाने ते जपावे का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पुस्तकाच्या बाबतीत मी जपलेच असते, एवढे मात्र मान्य करतो.

खेळाचे जाऊ द्या. नव्या आवृत्तीत रोजच्या वापरातलीच एखादी गोष्ट जाते तेव्हा लोक जास्त चिडतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ‘स्टेटस’ बदलले ते आठवा. नावाखाली एखादी ओळ लिहून ठेवायची साधी सोय गेली आणि चोवीस तासांत विरणारी छायाचित्रे आली. लोकांनी इतकी कुरकूर केली की मार्च महिन्यात ती ओळ ‘अबाऊट’ या नावाने परत आणावी लागली. मधल्या तीन आठवड्यांत जुनी आवृत्ती शोधून बसवणारे माझ्या ओळखीत तिघे होते. त्यातला एक माझा भाचा, ज्याच्याबद्दल पुढे बोलायचे आहे.

आता दरवाजे कसे बंद झाले ते पाहू. २०१३ पासून आयफोनवर अ‍ॅप्स आपोआप नवी होऊ लागली, म्हणजे बदल आपण नकळत स्वीकारू लागलो. त्याच सुमारास अ‍ॅपलने एक चांगलेही केले. जुन्या फोनवाल्याला त्याच्या फोनवर चालणारी शेवटची आवृत्ती देऊ केली. सप्टेंबर २०१५ मध्ये आयओएस ९ आले. अ‍ॅपचा फक्त आपल्या फोनला लागणारा तुकडाच उतरवायचा, अशी व्यवस्था झाली. जागा वाचली. पण तुकडा म्हणजे काही पुस्तक नव्हे, म्हणून फोनवरचे अ‍ॅप उलट संगणकावर आणणे बंद झाले. संगणकावर थेट उतरवणे तेवढे राहिले. १२ सप्टेंबर २०१७ रोजी आयट्यून्सची १२.७ ही आवृत्ती आली आणि तिच्यातून अ‍ॅप्सचे दुकानच काढून टाकलेले होते. आठवड्याभरात, १९ सप्टेंबरला, आयओएस ११ आले. ३२ बिटची जुनी अ‍ॅप्स त्याच्यावर उघडेनात. एका आठवड्यात दोन्ही बाजूंनी कुलपे लागली. संगणकावर नवी प्रत येईना आणि जपलेल्या जुन्या प्रतींपैकी कित्येक नव्या फोनवर चालेनात. फ्लॅपी बर्डही त्यातच गेला.

कचेऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून अ‍ॅपलने पुढच्या महिन्यात १२.६.३ नावाची एक आवृत्ती काढली, तिच्यात दुकान होते. जुनी अ‍ॅप्स जपणाऱ्या मंडळींनी ती लगेच उचलली. त्यांना एक मोठी गोष्टही सापडली. आयट्यून्स आणि सर्व्हर यांच्यामधल्या संभाषणात आवृत्तीचा जुना क्रमांक घालून पाठवला, तर सर्व्हर ती जुनी आवृत्ती काढून देत असे. म्हणजे दुकानाच्या वखारीत जुन्या आवृत्त्या व्यवस्थित लावून ठेवलेल्या होत्या. गिऱ्हाइकाला दाखवायच्या नव्हत्या, इतकेच. ग्रंथालयात पुस्तक आहे पण सूचीत कार्ड नाही, अशातला हा प्रकार. मला हे कळले तेव्हा खरोखर राग आला होता.

अ‍ॅण्ड्रॉईडची कथा जरा मोकळी आहे. तिथल्या फाईलीचे आडनाव ‘एपीके’. तीही झिपचीच पिशवी, पण अ‍ॅप फुकटचे असेल तर सहसा तिला मालकाचे कुलूप नसते. फोन केबलने संगणकाला जोडून, विकसकांसाठीची ‘एडीबी’ ही साधने वापरून दोन ओळींत कोणत्याही अ‍ॅपची एपीके संगणकावर काढून घेता येते. ज्याला एवढेही नको तो एखादे छोटे अ‍ॅप घालून तेच काम करी. आपल्याकडे तर शेअरइट आणि झेंडर यांनी धुमाकूळ घातला होता. इंटरनेट महाग होते त्या काळात एसटीच्या थांब्यावर, वसतिगृहात, लग्नाच्या मांडवात मुले एकमेकांच्या फोनवर अ‍ॅप्स पाठवीत बसलेली असत. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर ही दोन्हीही होती.

प्रत्येक एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आतले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही आणि फोन फाईल नाकारतो. या गोष्टीचे मला फार अप्रूप वाटते. आपल्या पोथ्यांना असली सोय कुठली? नक्कल करणारा मध्ये आपली ओवी घुसडून मोकळा. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध करायला बसावे लागले ते त्यामुळेच. एपीके मात्र दहा वर्षांनी कुणा अनोळखी माणसाने दिली तरी ती मूळचीच आहे की नाही हे ताडून पाहता येते. २०१४ मध्ये सुरू झालेला ‘एपीकेमिरर’ हा संग्रह याच सहीवर उभा आहे. ‘एफ-ड्रॉईड’ हे २०१० पासूनचे खुल्या प्रणालींचे भांडार तर जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळे दप्तरच ठेवते.

जुने ते सोने, असे मात्र इथे म्हणता येत नाही. जुन्या आवृत्तीत सुरक्षिततेची भोके असतात, ती बुजवण्यासाठीच बरेचदा नवी काढलेली असते. बँकेचे अ‍ॅप जुने ठेवण्याचा हट्ट कुणी करू नये. पण उलटेही घडते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या संशोधकांना कॅमस्कॅनर या, दहा कोटींहून अधिक वेळा उतरवल्या गेलेल्या अ‍ॅपच्या तेव्हाच्या काही आवृत्त्यांत जाहिरातींच्या सामग्रीबरोबर आलेला घातक प्रोग्राम सापडला. तिथे घाण नव्या आवृत्तीबरोबर आली होती. आणि तिसरा प्रकार म्हणजे ज्या अ‍ॅपचा जीव सर्व्हरमध्ये असतो त्याची जुनी प्रत ठेवून काहीच मिळत नाही. ३० जून २०१७ नंतर व्हॉट्सअ‍ॅपने सिम्बियन फोनचा आधार काढून घेतला. सिस फाईल आजही माझ्याकडे आहे. ती म्हणजे बंद पडलेल्या घराची किल्ली.

अ‍ॅण्ड्रॉईडचाही दरवाजा हळूहळू अरुंद होत गेला. ऑगस्ट २०२१ पासून गूगल प्लेवर येणाऱ्या नव्या अ‍ॅप्सना तुकड्यांच्या रूपातच यावे लागते, म्हणजे फोनमध्ये एकसंध एपीके असेलच असे नाही. २०२२ मध्ये गूगलचा पिक्सेल ७ हा फोन आला, त्याच्यावर ३२ बिटची अ‍ॅप्स चालत नाहीत. २०२३ च्या अ‍ॅण्ड्रॉईड १४ ने तर फार जुन्या व्यवस्थेसाठी बांधलेली अ‍ॅप्स बसवायलाच नकार दिला. कारणे सुरक्षिततेची आहेत आणि ती खोटी नाहीत.

हे सगळे वाचून झाल्यावर मी कायद्याची पुस्तके काढली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात संगणक प्रोग्रामबद्दल एक तरतूद आहे. ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत रीतसर आलेली आहे, तो ती हरवू नये, नष्ट होऊ नये म्हणून तात्पुरते संरक्षण म्हणून तिची राखीव प्रत काढू शकतो. ज्या कामासाठी प्रोग्राम दिला त्याच कामासाठी तिचा उपयोग झाला पाहिजे, एवढी अट. म्हणजे घरच्या संगणकावर आपल्या अ‍ॅपची प्रत ठेवणारा माणूस काही चोर नव्हे.

दुसरा कायदा १९५४ चा, ग्रंथालयांना पुस्तके देण्याविषयीचा. प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची. या कायद्यात एक बारीक गोष्ट आहे. नव्या आवृत्तीत काहीच बदल केलेला नसेल तर ती पुन्हा देण्याची गरज नाही. काही भर घातली असेल, मजकूर किंवा नकाशा बदलला असेल, तर द्यावी लागते. कायदा करणाऱ्यांना आवृत्ती म्हणजे काय हे नीट कळले होते. बदललेली प्रत म्हणजे वेगळा पुरावा, आणि तो ठेवला पाहिजे. त्यांच्या डोळ्यांसमोर शाई आणि कागद होता. पंधरा दिवसांनी बदलणारा, आणि बदलताना आपली आधीची प्रत वाचकाच्या हातातून काढून घेणारा मजकूर त्यांच्या स्वप्नातही नसणार. ब्रिटनमध्ये २०१३ पासून छापील नसलेल्या प्रकाशनांनाही असाच नियम लागू झाला आणि तिथल्या ब्रिटिश लायब्ररीने अ‍ॅपच्या रूपात निघालेली पुस्तके कशी जपावीत याचा अभ्यासही हाती घेतला. आपल्याकडे हे काम हौशी लोकांच्या टेबलाखालच्या हार्ड डिस्कवर चालले आहे. जुने जावा खेळ, जुन्या आयपीए अशा हौशींनीच सॅनफ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये नेऊन ठेवले आहेत. कायद्याने त्याला काय म्हणायचे ते म्हणो.

तर आता भाचा. हा गृहस्थ लहानपणापासून साठेबाज. बसची तिकिटे, काड्यापेट्यांची झाकणे, आणि पुढे अ‍ॅप्स. कोणतेही अ‍ॅप नवे करण्याआधी जुन्याची एपीके संगणकावर काढून घ्यायची आणि तारखेच्या फोल्डरात टाकायची, ही त्याची सवय. २०१३ मध्ये माझा नवा फोन त्यानेच लावून दिला होता, आणि आवाज टिपायचे ते अ‍ॅपही त्यानेच घातले होते. २०२१ च्या टाळेबंदीत मी त्याच्याकडे आत्याच्या फाईलींचे रडगाणे गायलो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामा, ती आवृत्ती माझ्याकडे असणार.’’ तीन जुन्या हार्ड डिस्क त्याने पालथ्या घातल्या. दुसरीत सापडली.

पण नव्या फोनवर ती बसेना. अ‍ॅण्ड्रॉईड नव्या आवृत्तीवर जुनी बसू देत नाही. नवी काढून टाकून जुनी घालून पाहा, असे मी उतावीळपणे म्हटले. भाच्याने माझा हात धरला. अ‍ॅप काढले की त्याने स्वतःच्या कप्प्यात ठेवलेली माहिती त्याबरोबर पुसली जाते, आणि त्यात काय आहे हे आपल्याला माहीत नाही. शिवाय व्यवस्था इतकी नवी झालेली की जुने अ‍ॅप तिथे चालेल याची खात्री नाही. म्हणून आम्ही २०१३ चाच हॅण्डसेट माळ्यावरून काढला. बॅटरी फुगली होती. टाळेबंदी सैल झाल्यावर बाजारातून नवी आणली. मेमरी कार्डाची आधी संगणकावर संपूर्ण नक्कल केली, मग नकलेवरून दुसरे कार्ड तयार केले आणि तेच फोनमध्ये घातले. मूळ कार्ड पाकिटात. ही शिस्त मला कागदपत्रांच्या कामातून ठाऊक होती, पण त्या दिवशी ती भाच्याने मला शिकवली.

एपीके बसली. जुने करडे चिन्ह दिसले. आत अकरा ओळी होत्या. पहिलीवर बोट ठेवले आणि मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, मग आत्याचा आवाज आला, ‘‘ह्या डबीत बोलायचं व्हय?’’

हेडफोनच्या भोकातून केबल काढून आम्ही तो आवाज संगणकात पुन्हा टिपून घेतला, साध्या, सगळीकडे चालणाऱ्या स्वरूपात. दहा फाईली पूर्ण उतरल्या. शेतांची त्रेचाळीस नावे मिळाली. वडाचं वावर, खालली खाचरं, म्हातारीची पट्टी. एका तुकड्याला तर ‘उसनं’ असे नाव होते. पायलीभर भाताच्या उसनवारीत गेलेला तो तुकडा दोन पिढ्यांनी परत आला, अशी कथा आत्याने सांगितली आहे. रायगडात वसलेल्या त्या गावच्या तीन म्हाताऱ्यांना मी ती नावे फोनवरून वाचून दाखवली. दोन नावांवर त्यांच्यात आपसात वाद लागला.

अकरावी फाईल मात्र सात सेकंदांनी थांबते. ‘‘आन् नदीच्या अंगाला...’’ एवढे म्हणून आत्या गप्प होते. पुढे खरखरही नाही. फाईलीचा आकार पाहिला तर आत वीस-बावीस मिनिटांचा ऐवज असावा, असे भाचा म्हणतो. ती फाईल, ती एपीके आणि तो हॅण्डसेट आम्ही एकाच खोक्यात ठेवले आहेत. दर सहा महिन्यांनी भाचा बॅटरी चार्ज करून जातो.